आत्याचा वाडा आणि माझा टेप

सिव्हिलला ॲडमिशन घेतल्यापासून नातेवाइकांत माझं नाव 'इंजिनिअर' पडलंय. अजून एक बॅकलॉग शिल्लक आहे हे त्यांना कोण सांगणार! दिवाळीच्या सुट्टीआधी साताऱ्याहून आत्याचा फोन आला. "येताना टेप घेऊन ये. वाड्यात पाळणाघर काढायचंय. रीतसर परवाना काढून. होईल का ते बघून सांग."

आत्या अंगणवाडीतून निवृत्त झालेली. पेठेतला आजोबांचा वाडा म्हणजे खाली दगड, वर मातीच्या भिंती, सागवानी तुळया आणि एक माडी. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण दुकानात, लहान दवाखान्यात काम करणाऱ्या आईनं पोर कुठं ठेवायचं? आत्याचा प्रश्न हाच होता. तिनं चाळीस मुलं धरली होती, निवृत्तीची रक्कमही बाजूला काढली होती. "ही मधली भिंत पाडली की केवढा हॉल होतो बघ!"

सांगलीत राहून मला एक सवय लागली आहे. कुठलंही घर बघितलं की पहिला प्रश्न, २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं? आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. आत्याच्या पेठेत पुराची भीती नाही. तिथं प्रश्न वेगळा. "आत्या, सदुसष्टला काही झालं होतं का गं?"

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. आत्या तेव्हा लहान होती. तिनं काही न बोलता माजघराच्या कोपऱ्यातली चुन्यानं बुजवलेली भेग दाखवली. भेग त्याच मधल्या भिंतीत, आणि माडीच्या तुळया टेकलेल्या त्याच भिंतीवर. भिंत पाडली असती तर हॉल राहिला बाजूला, माडीच खाली आली असती.

मग टेप काढला. माजघर १८ बाय १४, म्हणजे २५२ चौरस फूट. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत एका मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा सांगितली आहे. बाराने भागलं तर एकवीस मुलं. कपाटं, पाळणे, दारांची उघडझाप वजा केली आणि आकडा आला सोळा.

एवढ्यात शेजारची तीन वर्षांची चिमुरडी आत आली. तिनं दहा मिनिटांत माझं सगळं सर्वेक्षण पुन्हा केलं! आधी खालच्या प्लगच्या भोकात बोट घालायला निघाली. मग ओसरीच्या कठड्याच्या गजांत डोकं घातलं. तिथून काढलं तर न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली. बाहेर आली ती थेट परसातल्या आडाकडे पळाली. आत्यानं तिला मधेच उचललं म्हणून बरं. मी हे सगळं उभ्यानं बघितलं होतं, म्हणून मला काहीच दिसलं नव्हतं.

राहिली माडी. जिना अरुंद, लाकडी, उतरायला दुसरी वाट नाही. मला कुंभकोणम आठवलं. १६ जुलै २००४ ला तिथल्या शाळेत स्वयंपाकघराच्या शाकारलेल्या छपरानं पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. आमच्या जिन्याखालीच गॅसची टाकी ठेवलेली.

रात्री जेवताना सांगून टाकलं. "माडी नाही. भिंत पाडायची नाही. सोळाच मुलं, तीही परसाकडचं बुजलेलं दार उघडलं तर. आडावर स्लॅब पाहिजे. कड्या वर, प्लग वर. गॅस बाहेर. वापर बदलायचा तर नगरपालिकेची परवानगी घे. आणि माझं मत म्हणजे दाखला नव्हे, भेगेसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलव."

आत्या बराच वेळ भात कालवत राहिली. "सोळा पोरांच्या फीमधून मदतनीस बाईचा पगार तरी सुटंल का रं?" त्याचं उत्तर माझ्या टेपवर नव्हतं. तिला 'होईल गं' म्हणणं किती सोपं होतं!

गेल्या आठवड्यात फोन आला. परसाचं दार उघडलं. इंजिनिअर येऊन गेले. त्या भिंतीला आधी मजबुती द्यायची, मगच अर्ज करायचा. खर्च वाढलाय, पण आत्यानं नाद सोडलेला नाही.

आणि मित्रांनो, परवा रात्री मी आपल्या विंगच्या मागच्या जिन्यानं उतरायला गेलो. निम्म्यावरून परत यावं लागलं. मोडके कूलर, गाद्या, कुणाची तरी सायकल. हे तिथं दुसऱ्या कुणी नाही, आपणच रचलंय. रविवारी सकाळी मी उचलायला लागणार आहे. मेसच्या नाश्त्याआधी दोघं-तिघं आलात तर लवकर होईल.