दादा, व्हायरसवर बाटली नाही

राहुरी

प्रिय दादा,


'व्हायरसवर मारायला एखादं जालीम औषध सांग,' असं तू विचारलंस. त्याचं खरं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पण तेवढ्यावर तुझं समाधान होणार नाही, आणि दुकानदार काही तुला रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. शिर्डीच्या शिवारात टोमॅटो लावणारा तू एकटा नाहीस, म्हणून जाहीर लिहितेय.

2020चा उन्हाळा आठव. संगमनेर, अकोले आणि पलीकडे जुन्नरच्या पट्ट्यात टोमॅटो एकसारखा पिकेना. एकाच फळावर हिरवा, पिवळा, लाल असे रंग राहू लागले आणि लोकांनी त्याला 'तिरंगा' म्हणायला सुरुवात केली. हा टोमॅटो खाऊन माणसं आजारी पडतील अशीही हूल उठली. त्यात तथ्य नव्हतं, पिकांचे हे विषाणू माणसाला आजारी पाडत नाहीत. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि कुकुंबर मोझॅक विषाणूचं नाव पुढे आलं. हाच विषाणू जळगावकडे केळीवर येतो, तिथे त्याला 'हरण्या' म्हणतात. काकडी, मिरची, बांधावरची तणं धरून हजाराहून अधिक प्रकारच्या वनस्पतींवर त्याचं बस्तान असतं.

आता एक गोष्ट नीट ऐक. झाड गुमान मरत नाही, ते लढतं. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये विन्गार्ड नावाच्या शास्त्रज्ञानं 1928 साली तंबाखूची रोगट रोपं पाहिली. खालची पानं चट्ट्यांनी भरलेली, पण नंतर वर फुटलेली पानं स्वच्छ. त्या पानांवर पुन्हा तोच विषाणू चोळला तरी रोग येईना. झाडाला ना रक्त, ना पांढऱ्या पेशी, मग हे आलं कुठून? धागा हाती यायला सत्तर वर्षं गेली. 1999मध्ये इंग्लंडात हॅमिल्टन आणि बोलकोम यांना अशा झाडांत आरएनएचे अगदी आखूड तुकडे सापडले.

बहुतेक वनस्पती-विषाणूंचा जनुकीय मसाला आरएनएचा असतो. पेशीत शिरून तो आपल्या प्रती काढू लागला की दुहेरी धाग्याचा आरएनए तयार होतो, आणि झाड तेवढ्यावरून परका ओळखतं. डायसर नावाचं प्रथिन त्याचे 21 ते 24 अक्षरांचे तुकडे करतं. अर्गोनॉट नावाचं दुसरं प्रथिन त्यातला एक धागा जवळ ठेवतं आणि त्याच्याशी जुळणारा आरएनए दिसला की तोडतं. रामनवमीच्या गर्दीत खिसेकापूचा फोटो घेऊन पोलीस हिंडतात ना, तसंच. चेहरा जुळला की धरला. त्या फोटोच्या नव्या प्रतीही निघतात, आणि शेजारच्या पेशींतून, शिरांतून वरच्या पानांपर्यंत जातात. विषाणू तिथे पोचण्याआधी त्याचा फोटो पोचलेला असतो. विन्गार्डची वरची पानं स्वच्छ होती ती यामुळे.

मग तुझा प्लॉट का बसतो? कारण विषाणूही तयारीनं येतो. टोमॅटोवरच्याच एका विषाणूचं पी-19 नावाचं प्रथिन त्या तुकड्यांची लांबी मोजून, दोन्ही टोकांना धरून ते अडकवून ठेवतं, म्हणजे फोटो पोलिसांच्या हातीच पडत नाही. दुसऱ्या एका कुळातले विषाणू थेट अर्गोनॉटचीच विल्हेवाट लावतात. कुकुंबर मोझॅकचं 2बी हे प्रथिन तुकडेही धरतं आणि अर्गोनॉटलाही जखडतं. पपईच्या रिंगस्पॉट विषाणूच्या कुळात हे काम एचसी-प्रो करतं. ते 1998मध्ये उघड करणाऱ्यांत दक्षिण कॅरोलिना विद्यापीठातल्या आर. आनंदलक्ष्मी होत्या. याच एचसी-प्रोच्या आधारानं विषाणू माव्याच्या सोंडेला चिकटतो. वाहतूक आणि मोडतोड, दोन्ही एकाच प्रथिनाकडे.

प्रयोगशाळेत कुकुंबर मोझॅकमधलं 2बी काढून टाकलं, तर विषाणू शिरूनही रोप सावरतं. पण ज्या रोपाचे डायसरच निकामी केलेत, त्याला हाच नि:शस्त्र विषाणू पुन्हा आजारी पाडतो. रोग किती चढेल ते पुष्कळसं या दोघांच्या झुंजीवर ठरतं.

तुझ्या शेताला यातून तीन गोष्टी लागू पडतात. एक, दोन विषाणू एकत्र आले की नुकसान बेरजेपेक्षा मोठं होऊ शकतं. एकानं पोलीस अडवले की दुसऱ्यालाही मोकळं रान मिळतं. दोन, हंगेरीतल्या संशोधकांनी 2003मध्ये दाखवलं, की थंडीत झाडाची ही यंत्रणा ढिली पडते आणि उबेत जोर धरते. तापमान हा एकमेव हिशेब नाही, तिरंगा भर उन्हाळ्यातच आला होता. पण थंडी ओसरल्यावर कधी शेंडा स्वच्छ फुटतो, आणि श्रेय मात्र आदल्या आठवड्यात मारलेल्या बाटलीला जातं. तीन, कुकुंबर मोझॅकही पसरवणारा मावा तो विषाणू काही सेकंदांच्या टोचणीत देऊन मोकळा होतो. कीटकनाशकानं मावा मरेल, पण पुष्कळदा टोचून झाल्यावर.

झाडाचीच ही युक्ती वापरून हवाईत 1998मध्ये रिंगस्पॉटला दाद न देणारी जनुकबदल पपई शेतात आली. आपल्याकडे तशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही. ऑस्ट्रेलियात 2017मध्ये दुहेरी आरएनए चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर बसवून फवारला, तेव्हा एका फवारणीनं कुकुंबर मोझॅकपासून वीस दिवस संरक्षण मिळालं. उद्या कदाचित ते आपल्या बांधावर येईल. आज दुकानात 'व्हायरस साफ' म्हणून जे विकतात, ते हे नव्हे.

म्हणून, दादा, पैसा बाटलीऐवजी पुढच्या लागवडीवर घाल. रोपं कीडरोधक जाळीतल्या रोपवाटिकेतूनच घे. चंदेरी मल्चिंग पसर. कडेनं मक्याच्या दाट ओळी आधीच उभ्या कर, बाहेरून येणारा मावा तिथे सोंड खुपसून विषाणू बराचसा तिथेच सांडतो. जुन्या काकडी-टोमॅटोच्या प्लॉटला लागून नवा लावू नकोस, बांधावरची तणं काढ, आणि पहिली रोगट रोपं दिसताच जीव कळवळला तरी उपटून पुरून टाक. शंका आली तर पान घेऊन बाभळेश्वरच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, नाहीतर इकडे राहुरीला कृषी विद्यापीठात ये. झाड आपली लढाई लढतंच आहे. विषाणू त्याच्यापर्यंत उशिरा आणि कमी पोचेल, एवढं आपण बघायचं.

तुझी धाकटी