आसूदचा चढ

मंगळवार, रात्र

हर्णैहून येताना आसूदच्या चढावर आमची मारुती ८०० आज पुन्हा दमली. मागे आई, डिकीत मासळीची पिशवी. एसी बंद केला, दुसरा गिअर टाकला, तरी धापा टाकतच दापोलीला पोचली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. बिचारी स्वतःच्या दमानं ओढून ओढून हवा ओढणार किती?

म्हणून मिस्त्रींना विचारलं, "टर्बो बसवू या का?"

कल्पनाच मोहात पाडणारी. सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूनं पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्यूशी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली पेटंट घेतलं, ते या कोंड्याच्या मांड्याचंच!

मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाले, "टर्बो बसवाल हो, बाकीचं?" मग काळ्या बोटांवर मोजू लागले: कॉम्प्रेशन कमी करा, पेट्रोल वाढवा, टर्बोला ऑइलची लाइन द्या, हवा थंड करायला इंटरकूलर लावा. नाहीतर मिश्रण अवेळी पेटतं, इंजिन ठोकायला लागतं आणि शेवटी पिस्टनला भोक. पुढे क्लच, ब्रेक. शिवाय आरटीओ: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत असा परस्पर बदल करू देत नाही.

शेवटी एअर फिल्टर आणि प्लग बदलून घेतले.

आता वाटतं, दम वाढवायचा तर आधी छाती तेवढी हवी. माझीही पन्नाशी उलटली. चढ आला की आम्ही दोघं गिअर उतरवू.