मातीआडची निवड

ज्वारीची निवड उभ्या पिकात करता येते. भरलेलं कणीस बांधावरूनही दिसतं. भुईमुगाचं मात्र पिवळं फूल तेवढं उजेडात उमलतं. ते सुकलं की त्याच्या बुडातून आरी निघते, खाली वळून मातीत शिरते आणि पुढचं सगळं अंधारात घडतं. कोणत्या झाडानं किती दिलं हे कळायला झाड उपटावंच लागतं.

मला हळहळ वाटते ती वाया गेलेल्या फुलांची. झाड आठवडेच्या आठवडे फुलत राहतं, पण उशिरा आलेल्या, उंचावरच्या फुलांच्या आऱ्या मातीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून तर शेतकरी फुलोऱ्यात पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात. पैदासकारांनी झाडाचा बांधाच बदलायला घेतला. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'स्पॅनिश इम्प्रूव्हड' या वाणाच्या बियांवर क्ष-किरण सोडले, त्यातून टपोऱ्या दाण्याचा टीजी-१ निघाला. १९७३ मध्ये तो 'विक्रम' म्हणून शेतात आला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या साथीनं टॅग-२४ घडला: बुटका, आटोपशीर, तयार केलेलं अन्न पाल्यापेक्षा शेंगांकडे वळवणारा. अणुकेंद्रातून शेंगदाणा यावा, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण निवड करणाऱ्याला फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ. दाण्याचं वजन बरंचसं वंशातून उतरतं. शेंगांची संख्या मात्र पावसावर, जमिनीवर, शेजारच्या मोकळ्या जागेवरही हलते. लगडलेलं एक झाड हाती आलं म्हणून हुरळून चालत नाही. त्याची संतती वेगवेगळ्या रानांत, हंगामामागून हंगाम पेरून पाहावी लागते. त्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे.

आता कोवळ्या रोपाच्या पानातला डीएनए वाचता येतो. इक्रिसॅट या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी याच वाटेनं जीपीबीडी-४ या वाणाची तांबेरा रोग सोसण्याची ताकद आपल्या जळगावच्या जेएल-२४ मध्ये आणि टॅग-२४ मध्ये उतरवली. उत्पन्नाचं तसं होत नाही. ते असंख्य जनुकांचं, प्रत्येकाच्या चिमूटभर वाट्याचं काम. तिथं अजून शेतातला तराजूच खरा.

त्या तराजूत मला आणखी एक गोष्ट हवी आहे. झाड बुटकं केलं की पालाही बेतानंच निघतो, आणि दावणीला जनावरं असलेल्या घराला शेंगांइतकीच त्या पाल्याची गरज असते. संशोधकांनो, वाण निवडताना शेंगांच्या वजनाशेजारी पाल्याचंही वजन लिहा, आणि ते हिशेबात धरा.