मोसमाआधीची यादी

प्रिय विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी,



उन्हाळ्याची सुटी संपून शाळा भरली, एकदोन पावसांनी मैदान भिजले, की आपल्या क्रीडा शिक्षकांच्या टेबलावर एक कोरा कागद येतो. शालेय बास्केटबॉल स्पर्धेच्या संघाची यादी. मागच्या महिन्यात व्यवस्थापक मंडळाच्या बैठकीत आपल्या एका ज्येष्ठ विश्वस्तांनी अशी सूचना मांडली, की ही यादी एकाच दिवशी करून टाकावी. मुलामुलींना पळवावे, उंच उड्या मारायला लावाव्यात, दहा-दहा फ्री थ्रो टाकून घ्यावेत, गुण मांडावेत. पहिल्या बारा जणांचे गणवेश शिवावेत, बाकीच्यांनी अभ्यासाला लागावे. सूचना हिशेबाला चोख आहे. खर्च वाचतो, वेळ वाचतो आणि "आमच्या मुलीला का घेतले नाही?" असे विचारत येणाऱ्या पालकांपुढे गुणांचा तक्ता ठेवता येतो. मी बैठकीत "विचार करून सांगते" एवढेच म्हटले. तो विचार येथे सांगते.

मी स्वतः खेळाडू नव्हे. शिक्षण हिंदी माध्यमातून, विषय इतिहास. क्रिकेट कळले ते वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर, इंदूरच्याच सुशील दोशींच्या हिंदी समालोचनातून. त्यामुळे डावाला मी अजून पारी म्हणते. (आपल्या बहुतेक घरांत तसेच म्हणतात, पण पत्रिका मराठी, म्हणून येथे डाव.) बास्केटबॉल शाळेत नोकरी लागल्यावर मैदानाच्या कडेला उभी राहून थोडेफार कळले. पण मुलांची पारख करणे हे तीस वर्षांचे काम आहे. आणि व्यावसायिक खेळात मोसमाआधी ही पारख कशी होते, त्याचे नमुने देवासहून तासाभराच्या आणि धारहून दीडएक तासाच्या अंतरावर, आपल्या इंदुरातच सापडतात.

व्यावसायिक खेळातली सर्वांत महाग पारख म्हणजे आयपीएलचा लिलाव. फेब्रुवारी 2022 मध्ये बंगळुरूला दोन दिवस लिलाव चालला. दहा संघ, प्रत्येकाजवळ आकडेवारी ठेवणारी माणसे, चित्रफिती, संगणक. दोनशेहून अधिक खेळाडू विकले गेले. इंदूरच्या रजत पाटीदारला कोणी घेतले नाही. पुढे बंगळुरू संघातला लवनीत सिसोदिया जखमी झाला, त्याच्या जागी पाटीदारला बोलावणे आले. 25 मे 2022 रोजी कोलकात्याला, हरलो तर घरी अशा सामन्यात, त्याने 54 चेंडूंत नाबाद 112 धावा केल्या. महिन्याभराने रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध 122. आणि 3 जून 2025 रोजी, अठराव्या मोसमात, बंगळुरूने पहिल्यांदा आयपीएल जिंकले तेव्हा कर्णधार तोच होता.

त्याच इंदूरचा व्यंकटेश अय्यर. 2024 च्या अंतिम सामन्यात नाबाद 52 धावा करून कोलकात्याच्या विजयाला हातभार लावणारा. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात लिलाव झाला, त्यात कोलकात्याने त्याच्यासाठी 23 कोटी 75 लाख रुपये मोजले. पुढच्या मोसमात त्याच्या धावा झाल्या 142. मुलगा गुणी आहे, यात शंका नाही. पण एवढा पैसा आणि एवढे जाणकार पणाला लागूनही मोसमाआधीचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो, मग आमच्या शाळेच्या घड्याळ-शिट्टीची काय कथा!

मात्र चुकण्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पाटीदार परत येऊ शकला, कारण जखमी खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची सोय नियमातच होती. दार किलकिले होते. आणि तो लिलावानंतर घरी रुसून बसलेला नव्हता, खेळत होता. आमच्या एकदिवसीय यादीत ही सोय कोठे आहे? आपल्या मुलींचे काय होते ते मी दरवर्षी बघते. यादीत नाव नाही हे कळले, की दुसऱ्या दिवसापासून मुलगी मैदानावर येत नाही. आठवड्याभरात त्या वेळेची ट्यूशन लागते. नववीनंतर तर ती कायमचीच गेली म्हणायची. मुलगे निदान गल्लीत खेळतात. मुलींना शाळेचे मैदान सोडून दुसरे मैदान नाही. त्या कागदावर हे पणाला लागलेले असते, आणि ते गणवेशाच्या खर्चात धरले जात नाही.

आता रणजीविषयी. मार्च 2020 मध्ये मध्य प्रदेश संघाच्या प्रशिक्षकपदी चंद्रकांत पंडित आले. मुंबईचे, भारताकडून पाच कसोटी खेळलेले यष्टिरक्षक. पुढे आपल्याच संघाकडून खेळले. 1998-99 चा अंतिम सामना बंगळुरूला कर्नाटकाविरुद्ध झाला, तेव्हा मध्य प्रदेशाचे कर्णधार तेच होते. पहिल्या डावात आघाडी घेऊनही सामना शेवटच्या दिवशी हातचा गेला. प्रशिक्षक म्हणून त्यांनी विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 असे लागोपाठ दोनदा रणजी जिंकून दिले. त्यातला पहिला अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, नाताळच्या सुटीत झाला. आमच्या घरी नागपूरचे पाहुणे उतरले होते, त्यांच्याबरोबर मीही गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रजनीश गुरबाणी या स्थापत्य अभियंता झालेल्या मुलाने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक केली आणि आमच्या पाहुण्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली. विदर्भाचा सर्वांत नावाजलेला गोलंदाज उमेश यादव त्या सामन्यात नव्हताच, तो भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला निघाला होता. त्या सामन्यातून पदार्पण केले आदित्य ठाकरे या तरुण गोलंदाजाने. नाव ऐकून आमच्या रांगेत बरीच करमणूक झाली, पण मुलगा बिचारा भेदरला नाही.

मध्य प्रदेशातही तसेच घडले. 2020-21 मध्ये करोनामुळे रणजी झालीच नाही, 1934-35 पासून पहिल्यांदाच. संघाला सामने नाहीत, फक्त तयारी. एखादा म्हणेल वर्ष वाया गेले. मला वाटते पंडितांना माणसे ओळखायला वेळ मिळाला. ते शिस्तीचे फार कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, तेव्हा ‘सर्वांना खेळवा, कोणाला दुखवू नका’ या पंथाचे ते नव्हेत. पण जून 2022 मध्ये बाद फेरीला उतरताना व्यंकटेश अय्यर आणि आवेश खान ही संघातली दोन मोठी नावे भारतीय संघात अडकली होती. मोसमाआधी कोणी या संघाचे बळ मोजले असते, तर या दोघांपासूनच मोजले असते. संघ त्यांच्याविना जिंकला. उपांत्य सामन्यात बंगालविरुद्ध यष्टिरक्षक हिमांशू मंत्रीने 165 केले. अंतिम सामन्यात मुंबईच्या 374 ला उत्तर देताना यश दुबे 133, शुभम शर्मा 116 आणि पाटीदार 122 अशी तीन शतके झाली. 26 जून 2022 रोजी, तेवीस वर्षांपूर्वी जेथे पंडित हरले होते त्याच मैदानावर, मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी जिंकली.

त्या संघातला मला सर्वांत आवडणारा खेळाडू डावखुरा फिरकीपटू कुमार कार्तिकेय. उत्तर प्रदेशातला मुलगा. क्रिकेटसाठी दिल्लीला गेला, गाझियाबादकडे एका कारखान्यात रात्रपाळी केली, पुढे प्रशिक्षकांनी त्याला मध्य प्रदेशात शहडोलला धाडले. अनेक वर्षे घरी गेला नाही. त्या रणजी मोसमात त्याने 32 बळी घेतले. रात्रपाळी करून सकाळी सरावाला आलेल्या मुलाला कोणी घड्याळ लावून पळवले असते, तर तो कितवा आला असता?

धावण्याच्या चाचणीची मी टिंगल करत नाही. भारतीय संघात 2017 पासून यो-यो चाचणीचा बोलबाला झाला. वीस मीटर जाणे, वीस मीटर येणे, दहा सेकंद विसावा, आणि भोंग्याचा वेग वाढत जाणारा. अंबाती रायुडूने 2018 च्या आयपीएलमध्ये 602 धावा केल्या, मग जूनमध्ये या चाचणीत तो नापास झाला आणि इंग्लंडचा दौरा हुकला. सप्टेंबरात तो परत संघात होता. चाचणीने दमश्वास मोजला, तो बरोबरच मोजला असणार. तिने फलंदाजी मोजली नव्हती आणि तसा तिचा दावाही नव्हता. दावा आपण करतो, तक्ता हातात आला की.

मला इतिहासातून आणखी एक प्रकार दिसतो. होळकरांच्या संघाने 1944-45 पासून अकरा वर्षांत दहा वेळा रणजीचा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा करंडक जिंकला. त्या संघातले इंदूरचे मुश्ताक अली कसोटीत प्रथम आले ते 1934 मध्ये, मंदगती डावखुरे गोलंदाज म्हणून. दोन वर्षांनी मँचेस्टरला विजय मर्चंटांबरोबर सलामीला जाऊन त्यांनी 112 धावा केल्या, परदेशातले भारताचे पहिले कसोटी शतक. त्याच संघातले सागरचे चंदू सरवटे 1946 मध्ये ओव्हलला सरे संघाविरुद्ध दहाव्या क्रमांकावर खेळायला गेले. अकराव्या क्रमांकाचे शूट बॅनर्जी सोबतीला. दोघांनी शतके ठोकून शेवटच्या जोडीसाठी 249 धावा जोडल्या. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर हेच सरवटे कसोटीत सलामीला गेले. माणसे तीच, फक्त जागा बदलली. ‘हा किती चांगला?’ असे विचारले, तर 1934 चे उत्तर ‘बरा गोलंदाज’ एवढेच येते. ‘याच्याजोगे काम कोणते?’ असे विचारले, की मुश्ताक अली सापडतात.

बास्केटबॉलमधली मायकेल जॉर्डनची गोष्ट मुलांना ठाऊक असेल. अमेरिकेतल्या विल्मिंग्टन गावी 1978 मध्ये पंधरा वर्षांच्या जॉर्डनचे नाव शाळेच्या मुख्य संघाच्या यादीत नव्हते. त्याच्या वर्गातला लेरॉय स्मिथ उंच होता, त्याचे होते. भाषणांमध्ये ही गोष्ट ‘मूर्ख शिक्षकांनी हिरा ओळखला नाही’ अशी सांगतात. मला ते पटत नाही. संघाला त्या वर्षी उंचीची गरज होती. जॉर्डनला मैदानाबाहेर काढले नव्हते, कनिष्ठ संघात ठेवले होते. तेथे त्याला बाकावर न बसता वर्षभर भरपूर खेळायला मिळाले. घरी जाऊन तो रडला हे खरे, आणि लहान मुलाने रडावे हेही बरोबर. पण शिक्षकांनी त्याला खेळती जागा दिली होती. आपल्याकडे नाव नसलेल्या मुलीला आपण काय देतो?

काही वर्षांपूर्वी आपल्या देवास शाखेत आठवीत एक ठेंगणी मुलगी होती. धावण्यात शेवटची, उडीत शेवटून दुसरी. क्रीडा शिक्षकांनी तिला मोजणीसाठी म्हणून ठेवून घेतले, बाकावर बसून गुण लिहायला. धारच्या शाखेशी मैत्रीचा सामना होता, आमच्या दोघी तापाने पडल्या, म्हणून तिला उतरवले. गुण लिहिता लिहिता कोण कोठे मोकळी राहते हे तिच्या डोळ्यांत बसले होते. चेंडू हातात आला, की ती न बघता योग्य मुलीकडे देत होती. पुढे दोन वर्षे ती संघाची पॉइंट गार्ड होती. संघ संभागापर्यंत गेला, राज्यापर्यंत नाही. ती काही जॉर्डन झाली नाही. सध्या बी.कॉम. करते आणि शनिवारी येऊन लहान मुलींच्या सामन्यांत शिट्टी वाजवते.

त्याच वर्षी तक्त्यात पहिली आलेली मुलगी तिसऱ्या आठवड्यात माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "मॅडम, मला खेळायचेच नाही, बाबांना पाहिजे." तिची उंची संघाला हवी होती. मी तिला चित्रकलेच्या वर्गात पाठवले. तिचे बाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा या वर्षी असे करू. ज्येष्ठ विश्वस्तांची धावण्याची, उडीची आणि फ्री थ्रोची चाचणी पहिल्या दिवशी घेऊ, कारण कोणाला किती दम आहे हे कळलेच पाहिजे. त्यानंतर बाराऐवजी वीस नावे ठेवू, पेन्सिलीने. दोन आठवडे प्रत्येक मुलीला किमान दोन वेगवेगळ्या जागांवर खेळवू. उंच मुलगी नेहमी बास्केटखालीच उभी राहील असे नाही. देवास उज्जैन संभागात आणि धार इंदूर संभागात असल्यामुळे आपल्या दोन्ही शाखांची स्पर्धेत राज्यपातळीपूर्वी गाठ पडत नाही. म्हणून दोन रविवारी आपसांत सामने ठेवू, एक येथे, एक धारला. प्रवेशिका भरण्याच्या आदल्या दिवशी बारा नावे शाईने लिहू. गणवेश त्यानंतर शिवायला टाकू. उरलेल्या आठ जणी सरावाला येत राहतील, आणि पुढच्या प्रवेशिकेच्या वेळी यादी पुन्हा उघडू. तीन वेळा उशिरा येणारीचे नाव मात्र मी स्वतः खोडीन, ती कितीही उंच असली तरी.

खर्चाचा प्रश्न उरतो. धारच्या एका फेरीच्या बसभाड्याची तरतूद मंडळाने करावी, दुसऱ्या फेरीचे पालक संघाने बघावे, अशी विनंती आहे. पालकांनी ट्यूशनवाल्यांना दोन आठवडे वेळ बदलून मागावी. नाही म्हणाले तर मला त्यांचा फोन नंबर द्यावा. आणि मुलींना बुटांविना पाठवू नये. ओल्या सिमेंटवर चपला घसरतात.

आपली,
प्राचार्या