शिशाच्या पत्र्यावरील फिर्याद

दोन हातमोजे चोरीस गेले एवढ्या कारणाने कोणी देवीच्या दरबारी फिर्याद गुदरावी आणि चोराची मती व दृष्टी दोन्ही हरपावीत असे मागणे मागावे, ही हकीकत बाथच्या रोमन स्नानागारात वाचल्यापासून मनातून जात नाही.

लंडनहून स्नेह्यांच्या मोटारीने सकाळी निघालो तेव्हा ओढ निराळीच होती. एव्हन नदीच्या खोऱ्यातील मधाळ रंगाच्या पाषाणाची ती नगरी, आणि धाकट्या जॉन वुडने 1767 ते 1774 या काळात रचलेली, तीस घरांना एकाच चंद्रकोरीत गुंफणारी रॉयल क्रेसेंट पाहावयाची होती. ती पाहिली. भव्य आहे, परंतु इतक्या आखीव सौंदर्यात माझे मन फार काळ रमत नाही.

मन गुंतले ते खाली, उष्णोदकाच्या झऱ्यापाशी. सुमारे 46 अंश उष्णतेचे, दिवसाला अकरा लाख लिटरांहून अधिक पाणी तेथे अव्याहत उसळते. ज्याने वज्रेश्वरीच्या कुंडांची वाफ अंगावर घेतली आहे, त्याला येथे देवीचे अधिष्ठान का मानले गेले हे सांगावे लागत नाही. मूळची सुलिस, रोमनांनी तिला आपल्या मिनर्व्हाशी एकरूप केले. तिच्या कुंडात टाकलेले शिशाचे सुमारे 130 पत्रे सापडले असून त्यांतील बहुतेक 1979-80 च्या उत्खननातले आहेत. तळहातावर मावेल एवढा पातळ पत्रा, त्यावर टोकदार लेखणीने ओरखडलेली लॅटिन अक्षरे, आणि घडी घातल्याच्या खुणा अजून स्पष्ट. कोणाचा अंगरखा गेलेला, कोणाचे स्नानाचे वस्त्र. आनियानुस नावाच्या एकाच्या थैलीतील चांदीची सहा नाणी गेली. चोर पुरुष असो वा स्त्री, दास असो वा स्वतंत्र, ख्रिस्ती असो वा अन्य, कोणीही सुटू नये म्हणून त्याने एकही पळवाट मोकळी ठेवली नाही. शिवाय पाठीमागे अठरा नावांची यादी जोडली. मुरब्बी कारकुनाच्या मसुद्यातही इतकी दक्षता क्वचितच आढळावी! आमच्या कोकणात गुरव ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालतो, तेव्हाही मागणे असेच नेमके असते, कारण देवी सर्व जाणत असली तरी तक्रार स्पष्ट मांडणे हे फिर्यादीचे कर्तव्यच आहे. ज्याच्या सहा नाण्यांसाठी कोणताही अंमलदार जागचा हलला नसता, त्याला दाद मागावयास हे एक ठिकाण होते, याचे मला मोठे समाधान वाटले.

काही पत्र्यांवर तर अक्षरे नाहीतच, केवळ अक्षरांसारख्या रेघा आहेत. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनीही आपले म्हणणे स्वहस्ते मांडले आणि ते देवीला वाचता येईल हे गृहीत धरले.

बाथला जाणाऱ्यापाशी वेळ थोडा असेल तर त्याने रॉयल क्रेसेंट खुशाल गाळावी. या पत्र्यांच्या काचेच्या कपाटापुढे मात्र अवश्य थांबावे.