यादीच्या तळाशी

भोपाळच्या एम. पी. नगरातल्या एका ऑफिसात माझ्याकडे जुना सी कोड तपासायला आला. सोयाबीनच्या ट्रकांचं वजन घेऊन पावती छापणारा प्रोग्रॅम, मुळात टर्बो सीमध्ये लिहिलेला. नव्या कंपायलरवर तो उभाच राहीना, म्हणून फ्लॉफाइंडर घेतलं. डेव्हिड व्हीलर यांनी 2001 मध्ये आणलेलं हे साधन कोड कंपाइल करायच्या भानगडीत पडत नाही. मजकूर चाळून धोक्याची म्हणून नोंदलेली फंक्शनं हुडकतं, त्यांना शून्य ते पाच अशी पातळी लावतं आणि सर्वांत जोखमीचं वर ठेवतं.

यादीत सर्वांत वर टाइप केलेली ओळ वाचून घेणारं 'गेट्स' होतं. असणारच! आमच्या पिढीने सी शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' वाचून आणि लॅबमधल्या निळ्या पडद्यासमोर बसून. वाचण्याचं दुसरं फंक्शन 'स्कॅनएफ', पण ते नावातल्या पहिल्या मोकळ्या जागेशीच थांबायचं. वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं घ्यायचं तर 'गेट्स' सोपं. पण समोरून किती अक्षरं येतील, याला त्यात लगाम नाही. 1988 चा मॉरिस वर्म युनिक्सच्या फिंगर सेवेत शिरला तो याच फटीतून. 2011 च्या सी प्रमाणातून 'गेट्स' काढूनच टाकलं.

ते बदलणं सोपं होतं. मग मजकूर उतरवून घेणारे पातळी चारचे 'स्ट्रकॉपी' माझ्या तरुण सहकाऱ्याने एका दुपारीत संपवले. "सर, चारवाले सब निकल गए." मी फाइल उघडली. सगळीकडे त्याचंच मर्यादा घेणारं रूप 'स्ट्रएनकॉपी' आणि मर्यादेच्या जागी मूळ मजकुराचीच लांबी. म्हणजे येईल तितकं उतरवून घ्या. जागा किती आहे, हे कुणी विचारलंच नाही. वर मजकूर संपल्याचं सांगणारा शेवटचा शून्यही गळाला, म्हणजे आधीपेक्षा वाईट. फ्लॉफाइंडरने मात्र त्या ओळी पातळी एकवर, तळाशी नेल्या.

शेवटी यादी बाजूला ठेवली आणि बाहेरून माहिती कुठे शिरते तिथून वाचायला लागलो. काट्याचा आकडा सिरियल पोर्टवरून एक-एक अक्षर घेणारा एक लूप सापडला. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तो ॲरेत भरतच राहायचा. केबल सैल झाली, खूण हरवली की हद्दीबाहेर. त्यात बदनाम फंक्शन एकही नव्हतं. साधनाने फक्त ॲरेच्या घोषणेवर पातळी दोन लावली होती, आणि दोनच्या नोंदी इतक्या की त्या कोण वाचतो?

लूपला हद्दीची अट घातली आणि फ्लॉफाइंडर पुन्हा चालवलं. ॲरे होता तिथेच होता, त्यामुळे त्याची पातळी दोनही तशीच राहिली.