तिश्री आणि आश्विन

दसरा 2024 साली 12 ऑक्टोबरला होता, तर 2025 साली 2 ऑक्टोबरला. या दिवशी आमच्या नागपुरात दीक्षाभूमीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. याच दोन्ही तारखांना मुंबई, ठाणे, अलिबागच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी भाषक ज्यूंच्या, घरांत कडक निर्जळी उपास होता. तो योम किप्पुरचा दिवस. कोकणातले जुने लोक त्याला दरफाळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालायचे, बाहेरचे व्यवहार बंद ठेवायचे आणि वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची, असा हा दिवस.

माझा विषय कालगणना. त्यामुळे या जुळणीमागचं गणित सांगायला मला मनापासून आवडतं. ज्यूंचा तिश्री महिना आपल्या आश्विनासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. पहिल्या दिवशी रोश हशाना, म्हणजे नव्याचा सण. 2024 साली तो घटस्थापनेच्याच दिवशी आला. दहाव्या दिवशी योम किप्पुर आणि पंधराव्या दिवशी, कोजागिरीच्या सुमारास, सुक्कोथचा मांडव. नागपुरात मराठी घरांचा श्रावण सुरू होण्याआधी पंधरा दिवस शेजारच्या हिंदी भाषक घरांचा सावन लागतो, कारण त्यांचे महिने पौर्णिमेला संपतात. या बाबतीत ज्यू पंचांग आपल्या बाजूचं आहे. मात्र आपली तिथी सूर्योदयाला पाहिली जाते, त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून त्यांचा प्रत्येक सण आदल्या संध्याकाळी लागतो.

ही जुळणी दरवर्षी होत नाही. बारा चांद्रमासांचे साधारण 354 दिवस होतात, म्हणजे सौर वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. ते भरून काढायला आपण अधिक मास घेतो. त्याची जागा सूर्यसंक्रांतीवरून ठरते, म्हणून तो कधी श्रावण असतो, कधी ज्येष्ठ. ज्यूंनी 19 वर्षांत 7 जादा महिने ठरवून टाकले आहेत आणि ते नेहमी वसंतापूर्वीच्या अदार महिन्यापाशीच येतात. एकाकडे जादा महिना पडला की दुसऱ्याकडे तो पडेपर्यंत दोघांचे सण एकमेकांपासून महिनाभर लांब राहतात. त्यांचा आणखी एक नियम मला फार माणुसकीचा वाटतो. योम किप्पुर शुक्रवारी किंवा रविवारी येऊ द्यायचा नाही. शनिवारी शब्बाथ असतो आणि त्या दिवशी चूल पेटत नाही, योम किप्पुरलाही नाही. असे दोन दिवस लागोपाठ आले तर घराची अडचण होते. म्हणून वर्षारंभच एक दिवस पुढे सरकवतात.

गणिताला घर लागतं, आणि बेने इस्राएलांचं घर कोकणात होतं. अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, असं ही मंडळी सांगतात. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. धर्मग्रंथ आणि हिब्रू त्यांच्यापासून दुरावली होती. पुढे कोचीनकडून आलेल्या दावीद रहाबी यांनी त्यांना पुन्हा शिकवलं, अशी आठवण आहे. 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग उभारलं. तोवर वर्ष सांभाळलं ते स्वयंपाकघरानं. नव्याच्या सणाला गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा. दरफाळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्यात दानधर्म. पुरीमला होळीचा सण म्हणत. पेसाहला आंबट रसाचं भांडं झाकून ठेवत, कारण त्या दिवसांत आंबवलेलं चालत नाही. आब महिन्यात ज्यूंच्या प्राचीन मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा उपास, आणि त्याच्याशी जोडलेलं वालाचं बिरडं. एलियाहू हन्नबीच्या नावानं पोहे, गूळ, खोबरं आणि फळांचा मलिदा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर या संदेष्ट्याच्या रथाची खूण दाखवतात. पेसाहच्या रात्री वाचायची हगादा 1874 साली पुण्यात मराठीसह छापली गेली.

1948 नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले आणि मलिदाही त्यांच्याबरोबर गेला. महाराष्ट्र शासनानं 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, ही योग्यच गोष्ट झाली. पण कागदावरची ओळख पुरेशी नाही, ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेतही यायला हवी.

म्हणून उदाहरणादाखल 2025-26चं वर्ष पाहा. 14 डिसेंबर 2025च्या संध्याकाळी हनुक्काचा पहिला दिवा. 3 मार्च 2026ला पुरीम. 2 एप्रिलला, हनुमान जयंतीच्याच दिवशी, पेसाह. मग आपला अधिक ज्येष्ठ येतो आणि वाटा वेगळ्या होतात. 12 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी, नव्याचा सण. मराठी बोलणाऱ्या तोंडी या सणांची जुनी नावं टिकली असतील-नसतील, पण हे सण आजही मराठीत साजरे होतात. त्या घरी त्या दिवशी मराठीत शुभेच्छा द्यायला आपण चुकू नये.